आधी महिना ठरवा, मग रंग: सोव्हिएत रणगाड्यांची मॉडेल रंगवताना

टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याचं किट पहिल्यांदा हातात आलं की बहुतेकांना हायसं वाटतं. जर्मन गाड्यांसारखी तीन रंगांची नक्षी नाही, फवाऱ्याचे बारीक पट्टे नाहीत. हिरवा मारायचा, टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर, लाल तारा आणि पांढरा आकडा चिकटवायचा, झालं काम. यातला हिरव्याचा भाग बऱ्यापैकी खरा आहे. युद्धाच्या चारही वर्षांत सोव्हिएत कारखान्यांतून निघालेली बहुतांश चिलखती वाहनं एकाच हिरव्या रंगात होती. पण त्या हिरव्यावर काय लिहिलं होतं, काय पुसलं होतं, चुना कधी फासला आणि कधी खरवडला, हे महिन्यागणिक आणि ब्रिगेडगणिक बदलत गेलं. जानेवारी १९४२ मधला मॉस्कोजवळचा टी-३४ आणि एप्रिल १९४५ मधला बर्लिनच्या रस्त्यावरचा टी-३४-८५ (त्याचाच ८५ मिमी तोफेचा पुढचा प्रकार) यांच्या अंगावरचा मूळ रंग एकच, पण मॉडेल म्हणून ती दोन वेगळी कामं आहेत. म्हणून माझा आग्रह असतो की रंगाची बाटली उघडण्याआधी एक गाडी, एक जागा आणि एक महिना ठरवावा. पुढचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

तो हिरवा: ४बीओ

या रंगाचं अधिकृत नाव ४बीओ. महायुद्ध सुरू व्हायच्या सुमारास त्याने आधीच्या गडद हिरव्याची जागा घेतली आणि १९५० च्या दशकापर्यंत तो टिकला. हा तेलरंग होता. त्यात पिवळी माती म्हणजे गेरूच्या जातीची ओकर, जस्ताचा पिवळा आणि निळसर अल्ट्रामरीन अशी रंगद्रव्यं असत. पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो आणि ओकरमुळे त्याला मातकटपणा येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी मॉडेलसाठी पुरतं.

आता यातली मेख. रंगद्रव्यांचं प्रमाण किंचित हललं, तेल कमी पडलं, पातळ करायला जे हाताशी होतं ते वापरलं, की छटा बदलते. १९४१ च्या उन्हाळ्यात आणि शरदात जर्मन फौजा पुढे सरकत होत्या आणि अख्खे कारखाने रेल्वेने पूर्वेकडे हलवले जात होते. खारकोवचा १८३ क्रमांकाचा कारखाना उरलमध्ये निझनी तागिलला गेला, लेनिनग्राडच्या किरोव कारखान्याचा मोठा भाग चेल्याबिन्स्कला. स्टालिनग्राडचा ट्रॅक्टर कारखाना तर लढाई दारात येईपर्यंत, १९४२ च्या सप्टेंबरपर्यंत, टी-३४ बनवत होता. अशा धावपळीत सगळीकडे एकच छटा निघणं शक्यच नव्हतं. त्यात ऊन, पाऊस, सांडलेलं डिझेल आणि वर बसलेली धूळ.

म्हणूनच ‘४बीओ’ असं छापलेल्या चार कंपन्यांच्या चार बाटल्या शेजारी ठेवल्या तर त्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्यातली नेमकी खरी कोणती यावर मॉडेलकार वर्षानुवर्षं भांडतात. माझ्या मते हे भांडण व्यर्थ आहे. मध्यम, थोडा पिवळसर झाक असलेला हिरवा घ्या. तो काळपट किंवा अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅबसारखा तपकिरी दिसू देऊ नका. मॉडेल लहान असेल तर रंग किंचित उजळ करा, कारण छोट्या आकारावर तोच रंग जास्त गडद भासतो. १/३५ प्रमाणाच्या मॉडेलला थोडा, १/७२ च्या त्याहून लहान मॉडेलला अजून थोडा. टरेटचं छत आणि इंजिनावरचं झाकण ऊन खातात, तिथे एक थर आणखी उजळ. आतल्या बाजूला, गाडीची माणसं जिथे बसतात तिथे, भिंती पांढऱ्या असत, अंधारात उजेड मिळावा म्हणून. झाकणं उघडी ठेवणार असाल तर हे विसरू नका.

दोन-तीन रंगांचं छद्मावरण अजिबात नव्हतंच असं नाही. ४बीओवर मारायला ६के हा तपकिरी आणि ७के हा वाळूसारखा पिवळा-मातकट असे दोन रंग ठरलेले होते. मोठे, लांबट, कडा फारशा धारदार नसलेले ठिपके मारायचे, म्हणजे गाडीची बाह्यरेषा तुटते. युद्धाआधीच्या सरावांत आणि पहिल्या दोन वर्षांत काही तुकड्यांच्या गाड्यांवर हे दिसतं. पण अनेक फोटोंत जे तीन रंगी वाटतं ते निव्वळ चिखल, ओल आणि सावली असते. ठिपका शिवणीवरून, हुकवरून, दोन प्लेटींच्या जोडावरून न थांबता पुढे गेलेला दिसत असेल तर तो रंग असण्याची शक्यता जास्त. खालच्या अंगाला दाट आणि वर विरत जाणारा असेल तर तो चिखल समजा.

चुन्याचा हिवाळा

हिवाळ्यात गाड्यांवर पांढरा थर चढायचा. तो मुद्दाम कच्चा असायचा: चुना किंवा खडू, पाणी आणि सरस. वसंतात धुऊन टाकता यायला हवा, नाहीतर बर्फ वितळल्यावर तीच गाडी काळ्या मातीत लांबून दिसणार. ब्रश, केरसुणीसारखा कुंचला, कधी नुसतं फडकं, जे मिळेल त्याने गाडीची माणसंच तो फासत. मोकळ्या बर्फाळ मैदानात पूर्ण पांढरी गाडी, झाडीच्या भागात हिरव्यावर पांढरे पट्टे किंवा मोठे ठिपके.

आता एका टरेटच्या बाजूकडे अगदी जवळून बघूया. पांढरा मारताना माणूस आकड्याशी पोचतो. आकडा दिसायला हवा, म्हणून तो त्याच्याभोवतीचा चौकोन सोडून देतो. परिणामी पांढऱ्या टरेटवर हिरवा आयत उरतो, कडा वेड्यावाकड्या, आणि त्यात जुना पांढरा आकडा. कधी उलट होतं: आकडाही चुन्याखाली जातो आणि त्यावर लाल किंवा काळ्या रंगात नवा लिहिला जातो. मग महिनाभराने कडेच्या हुकांभोवती, झाकणाच्या काठावर, चढताना बूट जिथे पडतो त्या फेंडरवर चुना उडालेला असतो. १९४२ पासून टी-३४ वर पायदळाच्या जवानांना धरायला नळीच्या मुठी लागल्या. त्यांच्या आसपासची जागा सगळ्यात आधी उघडी पडते, कारण आठ-दहा माणसं तिथे पाठ घासत बसलेली असतात. इंजिनाच्या मागे एग्झॉस्टपाशी चुना आधी पिवळा, मग राखाडी होतो.

मॉडेलवर हे करायला केसांच्या स्प्रेची युक्ती आजही सर्वांत भरवशाची. आधी हिरवा आणि आकडे, त्यावर वार्निशचा पातळ थर. तो पूर्ण वाळला की केसांच्या स्प्रेचे एक-दोन हात. त्यावर अॅक्रिलिक पांढरा, भरपूर पातळ करून, सगळीकडे सारखा न मारता. तासाभराच्या आत ओल्या, ताठ ब्रशने जिथे झीज हवी तिथे हळूहळू घासायचं. पाणी खालच्या स्प्रेला विरघळवतं आणि पांढरा खऱ्या चुन्यासारखा खपल्यांनी सुटतो. थांबायचं कुठे हे आधी ठरवा. डिसेंबरमधली गाडी जवळजवळ कोरी पांढरी असेल, मार्चमधली अर्धी हिरवी. घासण्याची दिशा वरून खाली ठेवा, पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी तसंच वाहतं.

आकडे, समभुज चौकोन आणि नावं

हा या विषयाचा सगळ्यात श्रीमंत भाग, आणि किटमधली डिकॅल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रं, इथेच दगा देतात. सगळ्या लाल सेनेला लागू असलेली, शेवटपर्यंत टिकलेली एकच खूणपद्धत नव्हती. १९३० च्या दशकात बीटी आणि टी-२६ या जुन्या हलक्या रणगाड्यांवर टरेटभोवती रंगीत पट्टे असत, एक सलग आणि एक तुटक. त्यांच्या रंगांवरून बटालियन आणि कंपनी ओळखायची. युद्धात ही शिस्त मोडली. त्यानंतर प्रत्येक कोअर (अनेक ब्रिगेडची मोठी तुकडी), कधी प्रत्येक ब्रिगेड आपापलं ठरवू लागली. तीन आकड्यांचा क्रमांक सर्वांत परिचित: अनेक ठिकाणी पहिला आकडा बटालियनचा, दुसरा कंपनीचा, तिसरा गाडीचा. पण शेजारच्या ब्रिगेडमध्ये हेच सूत्र लागू असेल असं धरून चालू नका. काहींनी अक्षर आणि आकडा असा जोड वापरला. काहींनी समभुज चौकोन काढला आणि त्याच्या आत आकडे किंवा अक्षरं लिहिली. सोव्हिएत नकाशांवर रणगाड्याची खूण समभुज चौकोनच असे, त्यामुळे ही निवड सहज सुचलेली. शत्रूला तुकडी कळू नये आणि आपल्याला मात्र लगेच कळावी, हा या खुणांचा हेतू. त्यामुळे त्या त्रोटक असणं हेच त्यांचं काम होतं.

लाल ताऱ्याबद्दल स्पष्ट सांगतो: युद्धकाळातल्या गाड्यांवर तो खोक्यावरच्या चित्रांत दिसतो त्यापेक्षा खूप कमी होता. असंख्य गाड्या नुसत्या आकड्यावर लढल्या, काहींवर तोही नव्हता. इथे फोटोंचा एक अडथळा आहे. कृष्णधवल फिल्मवर लाल आणि गडद हिरवा जवळपास एकाच राखाडीत येतात, म्हणून लाल खूण फोटोत विरून जाऊ शकते. तरीही जे दिसत नाही ते मनाने काढू नये, असं मी मानतो.

युनिटची चिन्हं क्वचित चित्ररूपही होती. बर्लिनमध्ये लढलेल्या ७व्या गार्ड्स हेवी टँक ब्रिगेडच्या (‘गार्ड्स’ हा पराक्रमी तुकड्यांना मिळणारा मान) आयएस-२ या जड रणगाड्यांवर लाल ताऱ्यावर उभं असलेलं पांढरं अस्वल आहे. ही ब्रिगेड १९४४ मध्ये सुदूर उत्तरेत लढली होती, तिथली ही आठवण. मॉडेलकारांचं हे आवडतं चिन्ह, आणि रास्तच.

मग नावं. ‘मायभूमीसाठी’ किंवा ‘स्टालिनसाठी’ अशा घोषणा सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्यापेक्षा वर्गणीतून आलेल्या गाड्यांची नावं मला जास्त भिडतात, कारण त्यांच्यामागे माणसं आहेत. मारिया ओक्त्याब्रस्काया या स्त्रीचा नवरा १९४१ मध्ये लढाईत गेला. तिने होतं नव्हतं ते विकून ५०,००० रूबल उभे केले आणि दोन गोष्टी मागितल्या: या पैशांतून घेतलेल्या टी-३४ ला ‘बोयेवाया पोद्रुगा’, म्हणजे लढाईतली मैत्रीण, हे नाव द्यावं आणि ती गाडी आपल्याला चालवू द्यावी. दोन्ही मान्य झालं. २६व्या गार्ड्स टँक ब्रिगेडमध्ये तिने ती चालवली, जानेवारी १९४४ मध्ये जबर जखमी झाली आणि मार्चमध्ये वारली. ब्रिगेडने ते नाव पुढच्या गाडीवर चालू ठेवलं. मॉडेलकाराने यातून एवढं घ्यावं की एकच नाव दिसलं म्हणून गाडी एकच असं नसतं. आणि हेच नाव इतर गाड्यांवरही आहे.

‘दिमित्री दोन्स्कोय’ हा ताफा रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या देणग्यांतून उभा राहिला. मार्च १९४४ मध्ये ४० गाड्या दोन रेजिमेंटना दिल्या गेल्या: १९ टी-३४-८५ आणि २१ ज्वालाफेकी ओटी-३४. केव्ही-१ या जड रणगाड्यांपैकी ‘बेस्पोश्चाद्नी’, म्हणजे निर्दय, ही गाडी तर लेखक-चित्रकारांनी मिळून दिली, आणि कुक्रीनिक्सी या व्यंगचित्रकार त्रयीने काढलेलं हिटलरचं व्यंगचित्र तिच्या टरेटवर होतं. सोव्हिएत गाडीवर चित्र हवंच असेल तर हे एक पक्कं उदाहरण.

या सगळ्या खुणा हाताने काढलेल्या, फार तर पत्र्याच्या साच्यातून मारलेल्या आहेत. ओतीव टरेटचा पृष्ठभाग खरखरीत असतो. ब्रश त्यावरून जाताना खड्डे कोरे राहतात, रंग काठाला जाड होतो, ७ ची मान कललेली असते. छापील डिकॅल इथे नको तितकी नीटस दिसतात. शक्य असेल तर आकडे बारीक ब्रशने स्वतः काढा, शुद्ध पांढऱ्याऐवजी किंचित करडा मिसळून. डिकॅल वापरायचीच असतील तर आधी चकचकीत वार्निश, मग मऊ करणारं द्रावण, नाहीतर खरखरीत ओतीव पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा राहते आणि चंदेरी डाग दिसतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर वार्निश फवारलं तर दमट हवेने पांढुरकं धुकं धरतं. कोरडा दिवस बघा किंवा अॅक्रिलिक वार्निश वापरा.

डिकॅल निवडताना गाडी आणि तारीख जुळते का हे बघायलाच हवं. कुर्स्कची लढाई जुलै १९४३ ची, आणि टी-३४-८५ आघाडीवर आला १९४४ मध्ये. त्यामुळे कुर्स्कच्या ब्रिगेडचा त्या वेळचा आकडा ८५ वर लावता येत नाही. स्टालिनग्राडच्या गाड्यांना रबर वाचवण्यासाठी पोलादी धावेची चाकं बसवली जात. तुमच्या किटमध्ये सगळी रबरी चाकं असतील तर त्या कारखान्याच्या गाडीचं चित्र वापरू नका. चाकं, टरेट, पुढच्या प्लेटचा जोड यांवरून कारखाना कळतो आणि कारखान्यावरून महिन्याचा अंदाज येतो.

आकाशातून दिसाव्यात म्हणून

एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनकडे झुकोव आणि कोनेव या सोव्हिएत सेनापतींच्या फौजा वेगवेगळ्या बाजूंनी येत होत्या, आणि वरून मित्रराष्ट्रांची विमानं. आपल्याच बॉम्बखाली आपली गाडी जाऊ नये म्हणून टरेटभोवती पांढरा पट्टा आणि छतावर पांढरा क्रॉस काढायचं ठरलं. जर्मनांनी पट्ट्याची नक्कल सुरू केल्यावर महिनाअखेरीस त्याजागी पांढरे त्रिकोण आले. त्यामुळे पट्टा असलेली गाडी एप्रिलची, त्रिकोणाची मेची, असा ढोबळ हिशोब मांडता येतो. दोन्ही एकत्र असलेल्या गाड्याही आहेत, कारण जुना पट्टा पुसायला वेळ कुणाला होता? हा पट्टा मॉडेलवर टेपने सरळ रेषेत मारू नका. तो मोठ्या ब्रशने घाईत फिरवलेला आहे: हुकांना वळसा घालतो, कुठे आकडा झाकतो, कुठे आकड्याशी थांबतो, आणि त्यातून खालचा हिरवा डोकावतो.

हीच युक्ती १९६८ मध्ये पुन्हा आली. २० ऑगस्टच्या रात्री वॉर्सा करारातल्या देशांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या. चेकोस्लोव्हाक सैन्याकडेही तसेच टी-५४ आणि टी-५५ होते, म्हणून चढाई करणाऱ्या गाड्यांवर पुढून मागे आणि आडवे असे ठळक पांढरे पट्टे ओढले गेले. हिरव्या टी-५५ वर ते पट्टे मारले की तारीख वेगळी सांगावी लागत नाही.

युद्धोत्तर काळाबद्दल थोडक्यात: ४बीओ गेला, त्याजागी नवीन एनॅमल रंग आले, हिरवाच पण वेगळ्या पोताचा. संचलनाच्या गाड्यांवर पांढऱ्या कडा, गार्ड्सचा बिल्ला, नीट लाल तारे. ती मांडणी फक्त संचलनापुरती, चिखलातल्या गाडीवर लावू नये. ७ सप्टेंबर १९४५ च्या बर्लिन संचलनात ५२ आयएस-३ धावले, तेही असेच लखलखीत. १९८० च्या दशकात हिरवा, वाळूचा आणि काळा असं मोठ्या ठिपक्यांचं तीन रंगी छद्मावरण रुजलं. अफगाणिस्तानातल्या बहुतेक गाड्या मात्र साध्या हिरव्या आणि वर धुळीचा जाड थर अशा आहेत. तिथे रंगाइतकीच धूळ महत्त्वाची.

स्मारकांवर विश्वास ठेवू नका

प्रागमध्ये स्मिखोव्ह भागात अनेक वर्षं चौथऱ्यावर आयएस-२ उभा होता, अंगावर २३ आकडा. मे १९४५ मध्ये शहरात शिरलेला पहिला सोव्हिएत रणगाडा, अशी त्याची ओळख करून दिली जाई. प्रत्यक्षात तो मान लेफ्टनंट इव्हान गोंचारेन्को यांच्या टी-३४ ला जातो, आणि तिचा क्रमांक होता आय-२४. गाडीही वेगळी, आकडाही वेगळा. १९९१ मध्ये डेव्हिड चेर्नी या शिल्पकाराने हा रणगाडा गुलाबी रंगवला, आणि स्मारक जगभर गाजलं. संग्रहालयांत आणि चौथऱ्यांवर उभ्या गाड्या वर्षानुवर्षं, उपलब्ध रंगात, पुन्हा पुन्हा रंगवल्या जातात. त्यांच्याकडे वेल्डिंग, बोल्ट, ओतीव पोत यांसाठी बघा. रंगासाठी युद्धकाळातले फोटो वापरा, आणि एकाच गाडीचे दोन फोटो मिळाले तर उत्तमच.

ही सवय आपल्याकडेही उपयोगी पडते. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये माटिल्डा आणि व्हॅलेंटाइन बघता येतात. हेच ब्रिटिश प्रकार मदत म्हणून सोव्हिएत युनियनला जहाजांनी गेले होते, आणि कॅनडात बनलेल्या व्हॅलेंटाइनपैकी तर जवळपास सगळे तिकडेच गेले. ते तिथे ब्रिटिश हिरव्यातच पोचले, त्यावर सोव्हिएत आकडे पडले, हिवाळ्यात चुना चढला. लाल सेनेतली व्हॅलेंटाइन करायची असेल तर मोजमापं आणि रिवेट नगरला जाऊन डोळ्यांखालून घाला, रंग मात्र फोटोंवरून ठरवा. उलट वाटेने, सोव्हिएत किट घेऊन १९७१ मधला भारतीय पीटी-७६ (पाण्यात तरंगणारा हलका रणगाडा) किंवा टी-५५ करायचा असेल, तर खोक्यातली सगळी सोव्हिएत डिकॅल बाजूला काढा. भारतीय लष्करी वाहनाच्या नोंदणी क्रमांकात वर टोक केलेला बाण असतो आणि फॉर्मेशनची, म्हणजे ती गाडी ज्या मोठ्या तुकडीत असते तिची, खूण वेगळी असते. ती चुकली तर बाकी कितीही नीट रंगवलं तरी गाडी कुणाची हे कळत नाही.

झिजेबद्दल शेवटचं. आघाडीवरच्या टी-३४ चं आयुष्य बहुधा आठवड्यांत किंवा महिन्यांत मोजलं जाई. एवढ्या वेळात जाड गंज चढत नाही. तेव्हा गंज एग्झॉस्टवर, ओढणीच्या साखळीवर आणि उघड्या पडलेल्या पोलादाच्या बारीक चऱ्यांपुरता ठेवा. ट्रॅकचा जो भाग जमिनीला घासतो तो चकचकीत पोलादी करा, बाकीचा मातीच्या रंगात जाऊ द्या. आणि ती माती कुठली, युक्रेनची काळी की बेलारूसच्या दलदलीची करडी, हे महिना आणि जागा ठरवल्याशिवाय सांगता येत नाही.